फाशीची घोषणा आणि न्यायाचा प्रश्न

स्त्रीवरील एखादा अमानुष अत्याचार उघडकीस येतो. देश हादरतो, माणसे रस्त्यावर उतरतात आणि दोन दिवस उलटायच्या आत सर्व फलकांवर, सर्व भाषणांत एकच मागणी उरते : फाशी द्या! डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत हे झाले, २०१६ साली कोपर्डीच्या घटनेनंतर महाराष्ट्रात झाले, २०१९ मध्ये हैदराबादेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात पुन्हा तेच झाले. अशा मोर्चांत डाव्या चळवळीतील महिला, विद्यार्थी व युवक कार्यकर्ते ठिकठिकाणी सामील झाले आणि ते सामील झाले हे योग्यच झाले. जनतेचा संताप खरा असतो, न्याय्य असतो. त्यापासून जो दूर उभा राहतो त्याला जनतेचे नेतृत्व करण्याचा अधिकार नाही. परंतु संतापात सहभागी होणे वेगळे आणि त्या संतापाच्या तोंडी सत्ताधाऱ्यांनी घातलेली घोषणा आपलीशी करणे वेगळे. शिक्षेविषयीची तात्त्विक चर्चा ही पुस्तकी पंडितांची चैन आहे, लोक फाशी मागतात तर आपणही मागावी, असे म्हणणारे साथी आपल्यातही आहेत. या मताचा समाचार घेणे आवश्यक आहे.

कारण फाशी ही सत्ताधारी वर्गाला सर्वांत स्वस्त पडणारी मागणी आहे. प्रत्येक ठाण्यात तक्रार वेळेवर नोंदवली जावी, तपास शास्त्रशुद्ध व्हावा, न्यायालयांतील रिकाम्या जागा भराव्यात, रात्रपाळीहून परतणाऱ्या कामगार स्त्रीला रस्त्यावर दिवा आणि बस मिळावी, या मागण्यांना पैसा लागतो, माणसे लागतात आणि मुख्य म्हणजे सत्तेच्या रचनेला हात घालावा लागतो. फाशीला मात्र एका दुरुस्ती विधेयकापलीकडे काहीच लागत नाही. न्यायमूर्ती वर्मा समितीने २३ जानेवारी २०१३ रोजी आपला अहवाल दिला. पोलिसांच्या जबाबदारीपासून विवाहांतर्गत बलात्कारापर्यंत तिने अनेक मूलगामी शिफारशी केल्या आणि बलात्कारासाठी मृत्युदंडाची तरतूद करू नये, असे स्पष्ट सांगितले. सरकारने काय केले? ३ फेब्रुवारीला वटहुकूम काढला. त्यात विवाहांतर्गत बलात्कार वगळला आणि मृत्युदंड तेवढा घातला! पुढे डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने ‘शक्ती’ विधेयक संमत केले, सप्टेंबर २०२४ मध्ये पश्चिम बंगालच्या विधानसभेने आपले विधेयक संमत केले. पक्ष वेगळे, राज्ये वेगळी, उपाय मात्र एकच. जी मागणी सर्व रंगांची सरकारे इतक्या तत्परतेने मान्य करतात, ती त्यांच्या हिताआड येत नाही हे उघड आहे.

‘शिक्षा’ या शब्दाची गंमत

आपल्या भाषेतील ‘शिक्षा’ हा शब्द मोठा फसवा आहे. त्याचे मूळ शिकवण्यात आहे. हिंदीत आजही शिक्षा म्हणजे शिक्षण. इंदूरच्या किंवा दिल्लीच्या मराठी साथींना हे सांगायला नको, कारण त्यांच्याकडचे शिक्षा मंत्रालय शाळा चालवते. मराठीत मात्र शिक्षा म्हणजे छडी, तुरुंग आणि दोर. उलट ‘दंड’ हा शब्द हिंदीत सर्व प्रकारच्या शासनाला चालतो; मराठीच्या रोजच्या बोलण्यात तो पैशापुरता उरला आहे. शिकवणे, झोडपणे आणि वसूल करणे या तीन क्रिया अशा रीतीने एकमेकींत मिसळून गेल्या आहेत आणि राज्यसंस्थेला नेमका हाच गोंधळ सोयीचा असतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. आता दंड नाही, न्याय आहे, असा डांगोरा पिटण्यात आला. पाटी बदलली. आत पाहावे तर मृत्युदंडाची कलमे कमी झालेली नाहीत, त्यांत भरच पडली आहे.

तेव्हा पाटीवर न जाता राज्यसंस्था शिक्षेच्या समर्थनार्थ जी चार कारणे देते, ती एकेक करून तपासली पाहिजेत. अपराधाची परतफेड, इतरांना जरब, अपराध्याची सुधारणा आणि समाजाचे संरक्षण, ही ती चार कारणे होत.

परतफेड कोणाची, कोणाकडून?

परतफेडीच्या सिद्धांताला मोठमोठ्या तत्त्वज्ञांचा आधार आहे. समाज विसर्जित व्हायची वेळ आली तरी तुरुंगातील शेवटच्या खुन्याला आधी फाशी दिलीच पाहिजे, असे कांटचे म्हणणे होते. शिक्षा हा अपराध्याचा हक्कच आहे, कारण तिच्यामुळे त्याला विवेकशील माणूस म्हणून मान मिळतो, असे हेगेल मानी. फेब्रुवारी १८५३ मध्ये ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये लिहिताना मार्क्सने या सिद्धांतातील चांगला भाग नाकारला नाही. अपराध्याला केवळ एक वस्तू न मानता स्वतंत्र माणूस मानणे ही त्याची प्रतिष्ठा आहे, हे त्याने मान्य केले. पण लगेच त्याने विचारले की, खऱ्या परिस्थितीने घेरलेला हाडामांसाचा माणूस बाजूला सारून त्याच्या जागी ‘स्वतंत्र इच्छा’ नावाची एक अमूर्त कल्पना उभी करणे ही फसवणूक नव्हे काय? सोव्हिएत कायदेपंडित पाशुकानिस याने १९२४ साली आणखी खोल जाऊन दाखवले की, इतक्या गुन्ह्याला इतकी वर्षे हा हिशेब बाजाराच्या हिशेबाचाच भाऊ आहे. जो समाज माणसाच्या श्रमाची किंमत तासांत मोजतो, तोच त्याच्या अपराधाची किंमत वर्षांत मोजतो.

आपल्या देशात हा व्यवहार कसा चालतो ते पाहा. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी मृत्युदंड वैध ठरवला आणि तो ‘विरळातील विरळ’ प्रकरणापुरता राखून ठेवला. १९८३ साली माछी सिंग खटल्यात त्याला ‘समाजाच्या सामूहिक विवेकाला बसलेला धक्का’ ही नवी कसोटी जोडण्यात आली. हा सामूहिक विवेक मोजतो कोण? ज्या समाजात वर्ग आहेत, जाती आहेत, त्यात विवेकही एक नसतो. ज्यांच्या हाती छापखाने आणि वाहिन्या आहेत त्यांचा विवेक समाजाचा म्हणून खपतो.

महाराष्ट्रातीलच एक खटला प्रत्येक साथीने लक्षात ठेवावा असा आहे. २००३ साली एका गरीब कुटुंबावर हल्ला होऊन भयानक हत्याकांड व बलात्कार झाले. पोलिसांनी भटक्या जमातीतील सहा माणसे पकडली. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने त्यांतील तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, तर एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तिघांना पुन्हा फाशीच दिली. सामूहिक विवेक शांत झाला. नंतर निष्पन्न झाले की, त्यांतील एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले! प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलतेच चार जण ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षांच्या तुरुंगवासाची भरपाई म्हणून प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश झाला. परतफेड झाली खरी. पण ती निरपराध्यांकडून घेतली गेली. खरे मारेकरी मोकळे राहिले आणि त्या उद्ध्वस्त कुटुंबाला न्याय मिळाला नाही तो नाहीच. सत्र न्यायालयाचा निकाल अंमलात आला असता, तर २०१९ साली कोणाची सुटका झाली असती?

जरबेचे गणित

दुसरे कारण जरबेचे. इटालियन विचारवंत बेकारिया याने १७६४ सालीच सांगून ठेवले आहे की, गुन्हा रोखते ती शिक्षेची खात्री. तिचे क्रौर्य नव्हे. आपल्याच देशाचा अनुभव पाहा. त्रावणकोर संस्थानात १९४४ मध्ये मृत्युदंड रद्द झाला आणि राज्यघटना अंमलात आल्यावर तो पुन्हा लागू झाला. न्यायमूर्ती भगवती यांनी बच्चन सिंग खटल्यातील आपल्या विरोधी निकालात त्या प्रदेशाचे आकडे दिले आहेत. फाशी नसताना, १९४५ ते १९५० या काळात, ९६२ खून झाले. फाशी परत आल्यावर, १९५० ते १९५५ या काळात, ९६७. दोराने पाच वर्षांत एकही जीव वाचवला नाही.

बलात्काराच्या गुन्ह्याबाबत तर हे गणित उलटे फिरते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो : नातेवाईक, शेजारी, मालक, मुकादम. काकाला किंवा भावाला फाशी होईल या भीतीने घरच्यांनीच मुलीचे तोंड दाबले, तर त्या जरबेचा बळी कोण? आणि बलात्काराला व खुनाला एकच शिक्षा असेल, तर एकुलत्या एका साक्षीदाराला जिवंत ठेवण्याचे कारण त्या नराधमाला उरते काय? देशातील अनेक महिला संघटनांनी २०१३ साली फाशीला विरोध केला, तो याच अनुभवातून. बलात्काराच्या निकाली निघालेल्या खटल्यांत दोषसिद्धीचे प्रमाण २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी तीस टक्क्यांच्याही खाली होते. दहातील सात आरोपी सुटतात ही खरी जरबेची दिवाळखोरी आहे. तिला हात न लावता उरलेल्या तिघांसाठी दोर आणखी जाड करणे हे निव्वळ ढोंग आहे.

सुधारणा आणि संरक्षण

तिसरे कारण सुधारणेचे. २०२२ अखेर भारतातील तुरुंगांत क्षमतेच्या १३१ टक्के माणसे कोंबलेली होती. झोपायला पाळ्या लावाव्या लागतात तेथे कसली सुधारणा? आणि आत शिकवले काय जात होते? अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत झाडू व मैला विशिष्ट जातींच्या कैद्यांकडे, तर स्वयंपाक ‘योग्य’ जातींच्या कैद्यांकडे, अशी वाटणी शिल्लक होती. एका महिला पत्रकाराच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. मनुस्मृतीने एकाच अपराधाला वर्णानुसार वेगवेगळी शिक्षा सांगितली होती. प्रजासत्ताकाच्या पंचाहत्तराव्या वर्षापर्यंत तुरुंगाच्या भिंतीआड जातीनुसार वेगवेगळे काम सांगितले जात होते! तुरुंग सुधारत नाही, तो बाहेरच्या समाजाची नक्कल करतो.

चौथे कारण समाजाच्या संरक्षणाचे. धोकादायक माणसाला दूर ठेवावे, हे म्हणणे वरवर पाहता बिनतोड वाटते आणि हिंसक माणसाला आवरण्याची गरज कोणताही समाज नाकारू शकत नाही. पण धोकादायक कोण, हे ठरवतो कोण? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी संपूर्ण जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये त्यांना तारेच्या कुंपणात डांबले आणि गिरणीमालकांना स्वस्त मजूर पुरवले. हा कायदा १९५२ मध्ये गेला, पण त्याची नजर गेली नाही. सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांतून ती पोलीस ठाण्यात तशीच राहिली. वर सांगितलेल्या सहा निरपराध माणसांवर ती पडली.

आज तर दोष सिद्ध होण्याचीही वाट पाहिली जात नाही. २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे दर चारांतील तीन, कच्चे कैदी होते. कायद्याच्या दृष्टीने हे सारे निर्दोष! जामिनाची रक्कम नाही, वकील नाही, ओळखीचा जामीनदार नाही, एवढाच यांतील हजारोंचा अपराध. आदिवासींमध्ये आयुष्य वेचलेले फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी कच्चे कैदी म्हणूनच वारले. त्यांना कोणत्या न्यायालयाने, कोणत्या गुन्ह्यासाठी शिक्षा दिली होती? कोणत्याही नाही. जेथे प्रक्रियाच शिक्षा होऊन बसते, तेथे शिक्षेच्या उद्दिष्टांची चर्चा हा केवळ देखावा उरतो.

अपराध कशाला म्हणावे?

यापुढचा प्रश्न अधिक मूलभूत आहे. ज्याला शिक्षा होते तो अपराध ठरवतो कोण? ऱ्हाइन प्रांताच्या विधानसभेने रानातील वाळक्या काटक्या गोळा करणे ही चोरी ठरवली, त्या कायद्यावर तरुण मार्क्सने १८४२ मध्ये लेखणी उचलली. गरिबांचा पिढीजात हक्क एका फटकाऱ्यात गुन्हा झाला होता. आपल्या जंगलांतील आदिवासीला १९२७ च्या भारतीय वन कायद्याने हाच अनुभव दिला.

आता दुसरी बाजू पाहा. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील वायूने हजारो माणसे मारली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा आरोप काढून तेथे केवळ निष्काळजीपणाचे कलम ठेवले. ७ जून २०१० रोजी, म्हणजे साडेपंचवीस वर्षांनी, भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची सजा झाली आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. अमेरिकन अध्यक्ष अँडरसन तर कधी खटल्याला उभाच राहिला नाही. येथे सामूहिक विवेकाला धक्का बसला नव्हता काय? २०२३ मध्ये संसदेने ‘जनविश्वास’ कायदा करून ४२ कायद्यांतील १८३ तरतुदींतली फौजदारी धार काढली किंवा बोथट केली. व्यवसाय सुलभ व्हावा, हे त्याचे समर्थन होते. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच संसदेने नवी न्याय संहिता संमत करून सामान्य माणसासाठी शिक्षा कडक केल्याची फुशारकी मारली. उद्योगपतीवर विश्वास आणि गरिबावर जरब, असा हा न्याय आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल स्तरातील होते. दोर सर्वांसाठी सारखा असतो. मान मात्र गरिबाचीच सापडते.

फाशी झाली, जात सुटली

“दलितांवर, स्त्रियांवर अत्याचार करणाऱ्या सरंजामदारांनाही फाशी नको काय?” असा प्रश्न साथी विचारतात. त्याचे उत्तर खैरलांजीने दिले आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील या गावात एका दलित कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. वृत्तपत्रांनी ऐतिहासिक निकाल म्हणून मथळे दिले. पण त्याच निकालात अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही! २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची कैद दिली आणि हे कृत्य जातीतून नव्हे, सूडबुद्धीतून घडल्याचे मानले. म्हणजे दोर पुढे केला गेला, मागेही घेतला गेला आणि या दोन्ही हालचालींत जातिव्यवस्थेवर बोट ठेवले गेले नाही. फाशीची बातमी एवढी मोठी झाली की, जातीचा प्रश्न तिच्यामागे दिसेनासा झाला. पुढे २०१६ च्या मोर्चांत कोपर्डीच्या आरोपींना फाशी आणि ॲट्रॉसिटी कायद्यात बदल, या दोन मागण्या एकाच फलकावर आल्या. हे अपघाताने घडले नाही.

फाशीच्या घोषणेची शेवटची पायरी हैदराबादने दाखवली. ६ डिसेंबर २०१९ रोजी पोलिसांनी बलात्कार-हत्येच्या चार आरोपींना गोळ्या घातल्या. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये निष्कर्ष काढला की, गोळीबार ठार मारण्याच्या हेतूनेच झाला होता आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. न्यायालयच नको असे म्हणण्यापर्यंत जनतेला नेणारी ही वाट आहे. उद्या त्याच गोळ्या संपकरी कामगाराच्या आणि भूमिहीनाच्या छातीकडे वळतील, तेव्हा फुले उधळणाऱ्यांकडे कोणत्या तोंडाने दाद मागायची?

एक आक्षेप

काही साथी विचारतील की, समाजवादी देशांतही मृत्युदंड होता, त्याचे काय? होता. ऑक्टोबर क्रांतीच्या पहिल्याच दिवसांत सोव्हिएतांच्या काँग्रेसने आघाडीवरील मृत्युदंड रद्द केला. १९२० च्या जानेवारीत पुन्हा रद्द करण्याचा प्रयत्न झाला, १९४७ मध्ये पुन्हा झाला. प्रत्येक वेळी तो परत आला. शिक्षेचा बाजारी हिशेब उघडा पाडणारा पाशुकानिस १९३७ मध्ये गोळीला बळी पडला आणि १९५६ साली त्याला निर्दोष ठरवण्यात आले. मेलेल्या माणसाला निर्दोष ठरवता येते, परत आणता येत नाही. समाजवादाच्या इतिहासातून शिकायचे तर हे शिकायचे.

आपल्या स्वतःच्या इतिहासातून काय शिकायचे? २९ मार्च १९४३ रोजी कन्नूरच्या तुरुंगात कय्यूरचे चार शेतकरी वीर फासावर गेले. तेलंगण लढ्यातील बारा शेतकऱ्यांची फाशी देशोदेशीच्या लोकमताने रोखली गेली. आणीबाणीत, १ डिसेंबर १९७५ रोजी, भूमय्या व किष्टा गौड या दोघा शेतकऱ्यांना हैदराबादेत फाशी झाली. त्यांच्या मार्गाशी मतभेद असणाऱ्यांनीही ती रोखावी म्हणून आवाज उठवला होता. हा वारसा सांगणाऱ्या चळवळीच्या तोंडी जल्लादाला बोलावणारी घोषणा शोभत नाही. घटना समितीत ३ जून १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी मृत्युदंड रद्द करण्याच्या बाजूने आपले मत सांगितले होते, याचीही आठवण त्यांच्या नावाने फाशी मागणाऱ्यांना दिली पाहिजे.

मग मागायचे काय?

अत्याचार करणारा मोकळा सुटावा असे आम्ही म्हणत नाही. तो सुटू नये, हीच आमची मागणी आहे आणि ती फाशीच्या मागणीहून कितीतरी कठोर आहे. तक्रार नोंदवण्यास नकार देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यावर फौजदारी कारवाई; साक्षीदारांना खरे संरक्षण; मुदतीत तपास व मुदतीत खटला; ॲट्रॉसिटी कायद्याची टाळाटाळ न करता अंमलबजावणी; पीडितेचे उपचार, घर व रोजगार यांची जबाबदारी राज्यावर; जामिनाअभावी खितपत पडलेल्या गरीब कच्च्या कैद्यांची सुटका; कामगारांचे जीव घेणाऱ्या मालकांना तुरुंग; आणि मृत्युदंड संपूर्ण रद्द. या मागण्या घेऊन मोर्चात जावे, संतप्त माणसांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहावे आणि समोरचा साथी जेव्हा “फाशी द्या” म्हणेल तेव्हा त्याला शांतपणे विचारावे : “तक्रार घेतली नाही त्या फौजदाराचे काय? साक्षीदाराला धमकावणाऱ्या सरपंचाचे काय? सात जण सुटले त्यांचे काय?”

अपराध्यांना मारून नव्या अपराध्यांसाठी जागा करून देणाऱ्या जल्लादाचे गोडवे गाण्यापेक्षा, अपराध पिकवणारी व्यवस्थाच बदलण्याचा विचार करावा, असे मार्क्सने १८५३ साली सुचवले होते. ही व्यवस्था एका रात्रीत बदलणार नाही. पण तोवर तिच्या हाती आपण होऊन दोर देण्याचे आपल्याला काहीच कारण नाही.